अर्धी नक्कल आणि वाटणीचा मुकादम

खूप वर्षांपूर्वी मी एका पेशीत नोकरीला होतो. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

काम घंटेचं. खोलीभर डीएनएची दुपेडी दोरी पसरलेली, तिच्यावर चारच अक्षरांत सगळ्या घराचं शहाणपण लिहिलेलं. एक गडी पुढे पळत दोरीचा पीळ सोडवायचा. मागून नकलाकार प्रत्येक अक्षराला जोडीचं अक्षर चिकटवत यायचा. दोरी लांबलचक, म्हणून अशा नकला ठिकठिकाणी वेगवेगळ्या सुरू व्हायच्या. सगळ्या पुऱ्या झाल्या की घराची वाटणी, दोन लेकींना, म्हणजे नव्या पेशींना, एकेक अख्खी प्रत. मध्ये कुठे खोळंबा झाला तर मी घंटा बडवायची. घंटा चालू असेतो नवी नक्कल सुरू करायची नाही आणि वाटणीला हात लावायचा नाही, असा नियम.

एके दिवशी अक्षरंच संपली. नकलाकार रिकाम्या हातांनी उभा राहिला, पण पीळ सोडवणारा गडी मागे न बघता धावत सुटला. त्याच्यामागे एकेरी धागा उघडा पडला, कुठेही तुटेल असा. मी घंटेवर तुटून पडलो.

वाटणीचा मुकादम तणतणत आला. शेजारच्या पेशीची दोनदा वाटणी झाली आणि इथे हा म्हातारा सगळ्यांना सुट्टी वाटत बसलाय, असं त्यानं भर खोलीत सुनावलं. वर मला आळशी म्हणाला. ज्यानं जन्मात पापणी मिटली नाही त्याला आळशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुकादम," मी म्हटलं, "वाटणीसाठी अर्धी नक्कल ओढलीस तर दोरी मधोमध तुटेल. एका लेकीला आंधळी करशील, दुसरीला वेडी. मग सांग शेजाऱ्यांना, किती भरभर उरकलं ते."

तरी तो ओढायला निघालाच. मी एका हातानं त्याची गचांडी धरली आणि दुसऱ्यानं घंटा बडवत राहिलो. घंटा ऐकून अक्षरांच्या कारखान्याचं कुलूप निघालं, अक्षरांनी भरलेल्या पाट्यांवर पाट्या आल्या. नकलाकार कामाला लागला, उघडा धागा झाकला गेला.

आता खरं सांगतो, मी घंटा थांबवली नाही. का म्हणून थांबवावी? आधी त्यानं सगळ्यांसमोर माफी मागावी. मी बडवत राहिलो, उरलेल्या नकला कुणी सुरू करेना. लेकी जन्माआधीच ताटकळल्या, घर नुसतं फुगत चाललं, भिंती फाटायला आल्या.

तेव्हा मावशी आली. तापलेल्याला थंड करणं हीच तिची नोकरी. तिनं धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"धागा कधीच झाकलाय, दादा. आता ही घंटा कुणासाठी?"

तिनं माझ्या हातातली हातोडी हळूच काढून घेतली.

राहिलेल्या नकला झाल्या, वाटणीही झाली. दोन्ही लेकी धडधाकट, अक्षर न अक्षर सारख्या. मुकादम एवढंच म्हणाला की उशीर झाला. माफीचं नाव नाही.

आता दोन्ही लेकींच्या घरांत घंटेपाशी एकेक चिडका म्हातारा बसलाय, अगदी माझ्यासारखा. त्यातला मी कोणता ते मलाही ठाऊक नाही. पण माफी आता दोघांची मागावी लागेल, हे त्या मुकादमाला कुणीतरी सांगा.