उतरवून घेणारं माणूस

"सीट अजून खाली घे," जागेश्वर म्हणाला.

"याच्या खाली जागाच नाई भाऊ." भैय्यालालनं पान्हा बाजूला ठेवला. "आन् मले एक सांगा. इथवर तुमाले वहिनीनं हाताले धरून आणलं. तुमी सायकल कशी चालवसान?"

आंधळगावच्या बसथांब्याजवळ भैय्यालालचं सायकलीचं दुकान. बाकावर बसलेल्या जागेश्वरनं उजवा हात मांडीवर दाबून धरला होता, तरी अंगठा थरथरतच होता. त्याची बायको निर्मलाबाई सायकलीचं हँडल धरून उभी होती. सायकल त्यांच्या लेकीची, रुपाची. शाळेत मिळालेली, निळी, बिनदांड्याची. रुपा लग्न होऊन बालाघाटकडे गेली तेव्हापासून ती गोठ्यात टांगलेली होती.

"चालवते ना," निर्मलाबाई म्हणाली. "मी पाह्यलं."

मोहाडीच्या रस्त्यावर धानाची मिल होती. तिथं जागेश्वर तरणा असल्यापासून काट्यावर बसायचा. पोतं चढलं की वजन सांगायचं, उतरलं की दुसरं. मग एका साली हात कापू लागला, पुढच्या साली पाय अडू लागले. दारात, वळणावर, कोणी मागून घाई केली तर हटकून, पाय जमिनीला चिकटून बसत. मन पुढे निघून जाई आणि अंग मागे राही. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, आणि हे बरं होणारं दुखणं नाही हेही शांतपणे सांगितलं. मिलचे म्हातारे मालक म्हणाले, "जोवर येशील तोवर काटा तुझा." पण येणंच कठीण झालं होतं. जागेश्वरचा एक पाय पायरीवर चढेपर्यंत सवारीचा ऑटो थांबेना.

दिवाळीच्या साफसफाईत निर्मलाबाईनं सायकल खाली काढून ओट्याला टेकवली. जागेश्वर ओट्यावरूनच सायकलीवर बसला. नुसता बसून पाहावं म्हणून. पाय पेडलवर ठेवला आणि पेडल फिरलं. तो अंगणातून निघाला, फाटकातून पार झाला, मारुतीच्या पारापर्यंत गेला, वळला आणि परत आला. ज्या फाटकात तो रोज खिळून उभा राहायचा, त्यातून सरळ आत आला. मात्र थांबताना पाय पेडलवरून निघेचना. सायकलीसकट तो कुंपणावर जाऊन पडला.

निर्मलाबाई धावली. कोपर सोललं होतं आणि तो हसत होता.

"पाय चालले वो," तो म्हणाला. "माह्ये पाय चालले."

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, होतं असं काही जणांचं. चालता येत नाही, पण सायकल येते. सांभाळून करा.

हे सगळं ऐकल्यावर भैय्यालालनं सायकल उलटी करून ठेवली. मग कामाला लागला. मुठींवर त्यानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या, म्हणजे कापरा हात निसटणार नाही. उजव्या हाताचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही चाकांचे ब्रेक डाव्या मुठीशी आणले. पेडलला खडबडीत रबर ठोकलं. घंटी अंगठ्यानं वाजेना, तेव्हा लहान पोरांच्या सायकलीचा रबरी भोंगा बसवून दिला. तो दाबल्यावर असा आवाज निघाला की जागेश्वर ओशाळला.

"मांगं दोन लहान चाकं बसवून देऊ का?" भैय्यालालनं विचारलं. "पडाचं भ्याव नाई."

"लेकरावानी?" जागेश्वर म्हणाला. "भोंगा झाला तेवढा पुरे."

अशी त्याची सायकल त्याच्या मापाची झाली. चढायला ओटा पुरत होता, पण उतरवायला माणूस लागे. घरी निर्मलाबाई होती. मिलवर संघपाल नावाचा हमाल होता, जागेश्वरच्या जुन्या ओळखीचा. सकाळी लांबून भोंगा ऐकू आला की तो हातातलं पोतं टाकून फाटकाशी यायचा, एका हातानं कॅरिअर धरायचा, दुसऱ्या हातानं जागेश्वरचा दंड. "उतरा काका. निवांत." मग तो एकेक पाय सोडवून त्याला काट्यापर्यंत नेऊन बसवायचा.

त्या हिवाळ्यात जागेश्वरला रस्ता पुन्हा मिळाला. दोन्ही बाजूंना धान कापलेल्या शेतांच्या बांध्या, उडणारे बगळे, तोंडावर गार हवा. वाटेत कोणी हाक मारली तर तो थांबू शकत नव्हता. म्हणून भोंगा वाजवायचा आणि पुढे जायचा. घरी आल्यावर निर्मलाबाईला सांगायचा, आज कोण भेटलं, कोणाच्या शेतात लाखोरीचं पीक कसं आहे. कितीतरी दिवसांनी त्याच्याजवळ सांगायला काही होतं.

पण गाव पाहत होतं. किराणा दुकानात पायरीपाशी अडणारा माणूस रस्त्यावर असा सुसाट कसा? कोणीतरी मोबाईलवर दोन्हींचं चित्रण केलं, जोडलं, आणि खाली लिहिलं, 'सोंग पाहा सोंग.' ते गावभर फिरलं. मिलवरही पोचलं.

म्हातारे मालक आता घरीच असत. कारभार मुलगा योगेंद्र पाही. पोरगा वाईट नव्हता. त्यानं जागेश्वरला मोबाईल दाखवला.

"काका, तुमी इतकी सायकल चालवून राहिले. मंग काट्यावर बसूनच काहून राहता?"

"चालता येत नाई ना बाबू."

"सायकल येते आन् चालता येत नाई?"

जागेश्वरनं डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं. घाईत त्याची जीभही अडायची. शब्द बाहेर येईपर्यंत योगेंद्रनं मान हलवली होती. काट्यावर कॉम्प्युटर येणार होता, तिथं शिकलेलं पोरगं बसणार होतं. जागेश्वरनं ट्रक भरताना बाहेर उभं राहून पोत्यांवर नजर ठेवावी, असं ठरलं. काढून टाकत नव्हते, हेच उपकार.

तो काही दिवस उभा राहिला. एका दुपारी ट्रक मागे येत होता आणि जागेश्वर त्याच्या वाटेत होता. त्यानं पाहिलं, त्याला कळलं, बाजूला व्हायचंही ठरवलं. पाय हलले नाहीत. हमाल ओरडले तसे ते जास्तच घट्ट झाले. संघपालनं धावत येऊन त्याला कमरेला धरून ओढलं आणि दोघं धुळीत पडले. ट्रकचं मागचं चाक जागेश्वरच्या हातून पडलेल्या जेवणाच्या डब्यावरून गेलं.

योगेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं स्वतः जागेश्वरला पाणी पाजलं. "माफ करा काका," तो म्हणाला. "मले खरंच समजलं नाई. आता उद्यापासून तुमी घरी आराम करा."

खरं समजलं तेव्हा कामही गेलं. सोंग म्हणत होते तोवर निदान काम होतं.

संघपाल त्याला एका हातानं धरून घरी घेऊन आला. सायकल दुसऱ्या हातानं ओढत आणली. फाटकात जागेश्वर अडला, तेव्हा संघपाल घाई न करता बाजूला उभा राहिला. जाताना म्हणाला, "कधी आले तिकडं तं भोंगा वाजवजा. मी येईन बाहेर."

जागेश्वर एकदा गेला. फाटकाशी येऊन भोंगा वाजवला. संघपाल ट्रकबरोबर तुमसरला गेला होता. नवीन पोरं नुसती बघत राहिली. जागेश्वर न थांबता वळला आणि आला तसा घरी गेला.

उन्हाळी धानाची रोपं लावायची रोवणी लागली आणि निर्मलाबाई मजुरीला जाऊ लागली. ती निघताना बजावून जायची, "रुपाचे बाबा, मी येईपर्यंत सायकलले हात लावू नोका." तो मान डोलवायचा. खाट, ओटा, संडास, पुन्हा खाट. गोळ्या आता दोनच तास काम करत. बोलणं इतकं हळू झालं होतं की बालाघाटहून रुपाचा फोन आला की ती "बाबा, आयकू येत नाई" म्हणायची, आणि तो फोन निर्मलाबाईकडे द्यायचा.

एका संध्याकाळी रोवणीहून परतताना निर्मलाबाईला बाजाराच्या मैदानापाशी माणसं उभी दिसली. बाजाराचा दिवस नव्हता. मैदान रिकामं होतं आणि त्यात जागेश्वर सायकलीवर गोल फिरत होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, मान पुढे झुकली होती. कधीपासून फिरत होता कोण जाणे. उभ्या असलेल्यांपैकी कोणी हसत नव्हतं. कोणी पुढेही येत नव्हतं.

तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि चिखलाच्या पायांनी मैदानात गेली. त्याच्या वाटेत उभी राहून दोन्ही हात पुढे केले.

"या. उतरा आता."

तो जवळ आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हँडल जरासं वळवून बाजूनं पुढे निघून गेला.

"थकून जासान ना. उतरा."

तो वळसा घालून परत आला तेव्हा तिला त्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागलं.

"उतरलो का मंग खाट हाय," तो म्हणाला. "अजून एक चक्कर मारू दे."

अंधारून येत होतं. चकरा लहान होत चालल्या होत्या, चाक अधूनमधून डगमगत होतं. निर्मलाबाईनं हात पदराला पुसले आणि ते पुन्हा पुढे करून मैदानाच्या मध्यभागी उभी राहिली. तो जिकडे जाई तिकडे हळूहळू वळत राहिली.