मष्णूमामांचा तास

बेळगावच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात मुलांना नोकरीसाठी तयार करायचं काम विद्युल्लता मॅडमकडे होतं, आणि त्या हाडाच्या शिक्षिका होत्या. प्रश्न कानावर पडताच उत्तर तोंडात हवं, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं वकिलासारखी बोलायची.

एकटा भुजबली तेवढा त्यांच्या शिस्तीत बसेना. निपाणीकडचं पोर, हुशार, पण काही विचारलं की आधी गप्प राहायचं. या संथपणापायी दोन कंपन्यांनी त्याला नाकारलं होतं. आता उद्यमबागेतला एक कारखाना ही वर्षातली शेवटची संधी. लगेच बोल रे बाबा, असं मॅडमनी त्याला सकाळीसुद्धा बजावलं होतं.

कारखान्याचे मालक आण्णाप्पा मुलाखती घ्यायला कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच बसले. समोर स्टीलची एक पिन आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर ठेवला नि प्रत्येकाला पिनेची जाडी विचारली. अकरा जणांनी पटापट मोजून खणखणीत आकडा सांगितला, तोही सगळ्यांनी एकच. कोपऱ्यात बसलेल्या मॅडमची छाती अभिमानानं फुगली.

मग भुजबली आला. पिनेला त्यानं हातच लावला नाही. रिकामा मायक्रोमीटर मिटून पाहिला, पुसला, पुन्हा मिटला. मॅडमचा जीव टांगणीला लागला. गेली याही वेळी पोराची नोकरी, असं त्यांना वाटलं.

"सर, ह्यो रिकामा असताना शून्य दाखवत न्हाय," भुजबली म्हणाला. "आधी ह्यो नीट करतो, मग जाडी सांगतो."

मालक हसले. शून्य त्यांनीच मुद्दाम हलवून ठेवलं होतं. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं मष्णूमामांचं नाव घेतलं. मष्णूमामा म्हणजे वर्कशॉपमधले मदतनीस, दहावी नापास. रिकाम्या वेळी भुजबली त्यांच्या हाताखाली राबायचा, आणि कुठलंही हत्यार आधी तपासल्याशिवाय ते त्याला मालाला लावू द्यायचे नाहीत.

नोकरी भुजबलीला मिळाली. जाता जाता मालक मॅडमना एवढंच म्हणाले, "पोरं लई छान बोलत्यात. चुकीचा आकडाबी किती झोकात सांगितला."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. मॅडम मानी होत्या, तितक्याच मनानं मोठ्याही. त्या तडक लेथ मशीन पुसत असलेल्या मष्णूमामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि उद्यापासून माझा तास तुम्ही घ्या म्हणाल्या.

मामा गोंधळले. "मॅडम, मला इंग्लिश येत न्हाय."

"मला मायक्रोमीटर येत नाही, मामा," मॅडम म्हणाल्या. "मी पहिल्या बाकावर बसते."