शून्याखालचे सहा फूट

मित्रांनो, मी पुलाचा तिसरा खांब. नदीच्या ऐन मधोमध उभा आहे आणि सध्या थोडा वाकडा आहे. वाकडा कसा झालो तेच सांगायचे आहे, तेव्हा हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या.

गवंड्यांनी मला काळ्या दगडांत बांधले आणि माझे पाय वाळूत खोल पुरले. जिथे वाळू संपून मी दिसू लागायचो, तिथे पांढऱ्या रंगाने शून्य काढले. त्याच्या वर फुटाफुटाला आकडे, बारापर्यंत. पाणी नवाला लागले की पूल बंद, असा नियम ठरला.

माझ्या पायाशी असलेली वाळू नदीने डोंगरातून आणलेली. वर कुठेतरी धोंडा फुटतो, पाण्यात गडगडत, झिजत येतो आणि माझ्यापर्यंत पोहोचतो तो चिमूटभर होऊन. दर पुरात नदी माझ्या पायाखालची थोडी वाळू न्यायची आणि ओसरताना नवी आणून ठेवायची. तिने मला कधी उघडे पाडले नाही.

रोज सकाळी माझा आकडा वाचायला मोजणीकाका यायचे. नोकरीला लागले तेव्हा त्यांना धड मिशी नव्हती, आता आहे ती पांढरी आहे. दर उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की ते डबा आणि ब्रश घेऊन माझे आकडे नव्याने रंगवत. शून्य काढायला तर वाळूवर चक्क मांडी ठोकून बसत आणि त्याला जेवढा वेळ देत तेवढा बाकी सगळ्या आकड्यांना मिळून देत नसत. मला ते फार आवडायचे.

मग दोन्ही काठांवर वस्ती वाढली. घरांना वाळू हवी होती. आधी टोपल्या आल्या, मग ट्रॅक्टर, मग लोखंडी जबड्याचे यंत्र. ते एका दिवसात जेवढी वाळू उपसे, तेवढी आणायला नदीला कित्येक पावसाळे लागत. काकांनीही घर बांधले, आणि वाळू इथलीच नेली. मी त्यांच्यावर रागावलो नाही. डोक्यावर छप्पर सगळ्यांनाच हवे असते. पण माझ्या पायांना वारा लागू लागला, हे खरे.

शून्य रंगवताना काका आता बसत नव्हते, वाकत होते. काही वर्षांनी उभ्यानेच रंगवू लागले. गेल्या उन्हाळ्यात शून्य डोक्याच्याही वर गेले, म्हणून घरून स्टूल घेऊन आले.

"हा खांब वाढला की मी आटलो?" असे म्हणून ते स्वतःशीच हसले. मग त्यांनी खाली पाहिले. शून्याखाली माझे न रंगवलेले ओबडधोबड दगड सहा फूट उघडे पडले होते. काकांचे हसू मावळले.

पाणी शून्याखाली जायला लागून तशी बरीच वर्षे झाली होती. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा काकांनी कार्यालयातल्या बाईंना फोन करून विचारले होते.

"बाई, पाणी शून्याच्या खाली आहे. काय लिहू?"

"रकान्यात उणे बसत नाही हो काका. शून्यच लिहा."

काका शून्य लिहीत राहिले. पावसाळ्यातही आकडा पाच-सहाच्या वर जाईना, तेव्हा लोक म्हणाले, नदी शहाणी झाली. खरे तर तिचा तळच खाली गेला होता. ते उघडे सहा फूट पाहून काकांनी घाईने कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आले, पावसाळ्यानंतर पाहणी करू.

पाऊस काही पाहणीसाठी थांबला नाही. एका सकाळी पाणी चारावर आले. माझ्या पायाखालून काहीतरी सरकत होते आणि मी घाबरलो होतो. ओरडायला मला तोंड नाही. तेवढ्यात काका आले, माझ्याकडे बघत राहिले आणि पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध स्टूल टाकून बसले. समोरून भरलेली बस आली. ती त्यांची थोरली लेक चालवते.

"बाबा, उठा. माणसं खोळंबलीत."

"पूल बंद आहे."

"चारच तर आहे पाणी. नवाला बंद होतो, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"चार वरचे आहेत, पोरी. खाली अजून सहा फूट आहेत. ते मी कधी लिहिलेच नाहीत."

तिने मनात बेरीज केली. मागे प्रवासी कुरकुरत होते, त्यांच्याकडे तिने लक्ष दिले नाही. बस मागे घेतली.

दुपार व्हायच्या आत माझा एक पाय सरकला आणि वरचा रस्ता खाली बसला. त्यावर तेव्हा कोणीही नव्हते.

आता बस लांबून फिरून जाते. काका मात्र रोज येतात. त्यांनी शून्याखाली लाल रंगाने उणे एक ते उणे सहा असे आकडे काढले आहेत, आणि रकान्यात बसत नाहीत म्हणून ते समासात लिहितात. पूर ओसरल्यावर माझ्या पायाशी दोन बोटे नवी वाळू आली. काकांनी ती लेकीला दाखवली.

"बघ, नदी आणतेय अजून."

लेक काठाकडे बघत होती. तिथे एक रिकामा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता.

मित्रांनो, घराच्या भिंतीला हात लावाल तेव्हा आठवा, ती कुणाच्या तरी पायाखालची वाळू आहे. भिंत उभी राहू द्या, तिला जपा. माझी ही दोन बोटे तेवढी नेऊ नका.