लायलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्याकडच्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलची कोल्बर्नविरुद्धची मॅच आमचा क्लब एका गुणाने हरला, तेव्हापासून माझा नवरा लायल त्या दिवशीच्या गोलच्या खांबांपाशी उभं राहणाऱ्या पंचाला पाण्यात पाहत होता.

झालं होतं असं, की शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराने मारलेला चेंडू बरोबर दोन उंच खांबांच्या मधून गेला. तसाच गेला असता तर सहा गुण आणि मॅच आमची. पण पंचाने दोनऐवजी एकच बोट दाखवलं आणि एकच झेंडा हलवला. म्हणजे वाटेत कुणाचा तरी हात लागला, एकच गुण. लायल तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला सॉसेज रोल खात उभा होता. तिथून त्याला म्हणे सगळं लख्ख दिसलं.

"एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय मी," तो सांगायचा. "धुक्यातसुद्धा अर्ध्या मैलावरची गाय दिसायची मला. हात लागला असता तर दिसला नसता होय?"

न्हाव्याकडे, चर्चबाहेर, आमच्या नातीच्या बारशाला, सगळीकडे ही कथा झाली. वर्षभरात मला ती तोंडपाठ झाली होती.

जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाची सोमवारची सुट्टी असते, तेव्हा आम्ही दोघं दर वर्षी पेनिकटहून कोल्बर्नला कड्यावरच्या वाटेने चालत जातो. शनिवार-रविवार चालायचं आणि सोमवारी मॅच बघायची. या वर्षी शनिवारी दुपारी किनाऱ्यावर उतरायच्या पायऱ्यांपाशी एक बाई ओंडक्यावर बसलेली दिसली. पन्नाशीची असेल. एका पायातला बूट काढून ती टाच निरखत होती. दुसऱ्याच्या फोडाला पट्टी लावायला मिळाली की लायलला धन्य वाटतं. तिने नको म्हणायच्या आत त्याने पाठीवरची पिशवी उतरवली, औषधाचा डबा काढला आणि तो तिच्या पायाशी बसलासुद्धा.

तिचं नाव रोवीना. लोकरीची प्रत ठरवण्याचं काम करायची आणि एकटीच निघाली होती.

"कुठवर जाणार?" लायलने विचारलं.

"कोल्बर्नपर्यंत. सोमवारी मॅच आहे ना."

"मॅचला! कुणाच्या बाजूने?"

"कुणाच्याच नाही."

"वा! म्हणजे तू निःपक्षपाती. मग तुला एक गोष्ट सांगायलाच हवी."

मी डोळे मिटून घेतले. गोष्ट पायऱ्यांवर सुरू झाली आणि अख्खी पुळण ओलांडून पलीकडच्या टेकाडावर संपली. रोवीना मधूनमधून "हो का?" म्हणत होती. मला तिची दया आली.

संध्याकाळी मुक्कामाच्या शेडमध्ये लायलने मसुराचं सूप केलं आणि तिला बळेबळे दोन वाट्या प्यायला लावल्या. नंतर आम्ही दोघी टाकीच्या नळावर भांडी घासत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ग्लेनिस, त्या पंचाबद्दल एक सांगू का? तो पुरुष नव्हता."

"मग?"

"मी होते."

पातेलं माझ्या हातातून निसटून दगडावर आपटलं. आतून लायल ओरडला, "काय फोडलंत?"

"काही नाही!" मी ओरडले आणि तिच्याकडे वळले. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? त्याने श्वास घ्यायला हवा ना मध्ये." ती हात पुसत म्हणाली, "आणि सोमवारीही मीच आहे. सांगून टाकते आता त्याला."

"नको," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाही कळलं नाही. "अजून उद्याचा अख्खा दिवस आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघी तोंडात टॉवेल कोंबून हसलो.

रविवारी चालताना तिनेच विषय काढला. "लायल, तो पंच नेमका उभा कुठे होता?"

"डाव्या खांबाला टेकून!"

"टेकून?"

"अगदी टेकून. डुलकी लागली असणार त्याला."

"आणि दिसायला कसा होता?"

"तिरळा," लायल ठामपणे म्हणाला.

जेवणाच्या वेळेपर्यंत पंचाच्या तोंडाला बिअरचा वास यायला लागला होता. तीन वाजेपर्यंत कोल्बर्नच्या कोचची बहीण त्याला दिलेली होती. खाली खाडीत दोन देवमासे, आई आणि पिल्लू, आळसावून लोळत होते. रोवीना आणि मी कठड्याला रेलून बघत राहिलो. लायलने एकदा नजर टाकली. "हो, हो, देवमासे आहेत. तर मी काय सांगत होतो..." कालपर्यंत या गोष्टीने माझं डोकं उठायचं. आज एकेका वाक्याला मी ओठ चावत होते, आणि रोवीना शाळकरी मुलीसारखी गंभीर तोंडाने पुढचा प्रश्न विचारत होती.

वाट संपली तिथे लायल तिला म्हणाला, "उद्या आमच्याजवळच थांब. या वेळी मी गोलच्या बरोब्बर मागे उभा राहणार आहे. बघू कोण लबाडी करतो ते!"

"मी तिथेच असेन," रोवीना म्हणाली.

सोमवारी मैदानाभोवती गाड्या लागल्या होत्या आणि वारा असा बोचरा होता, की लोक चहाचे कप गालाला लावून उभे होते. आम्ही गोलमागच्या कठड्याशी जागा धरली. पंच बाहेर आले. त्यातली एक व्यक्ती पांढरा कोट आणि रुंद टोपी घालून, काखेत दोन झेंडे धरून, किंचित लंगडत थेट आमच्याकडे आली.

"शुभ दुपार, लायल," ती म्हणाली आणि खांबांमध्ये जाऊन उभी राहिली.

लायलचा जबडा खाली आला तो पहिला डाव अर्धा होईपर्यंत मिटला नाही. मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "मी तिला तिरळं म्हणालो."

"हो."

"ग्लेनिस, मी तिला *तिच्याच* तोंडावर तिरळं म्हणालो."

शेजारी आमच्या क्लबची बेव उभी होती. तिचा आवाज भोंग्यासारखा. एका निर्णयावर ती ओरडली, "डोळे उघड गं बये!" तसा लायल गर्रकन वळला. "हळू बोल! तिच्या टाचेला फोड आलाय."

शेवटच्या डावात आमची पोरं आमच्याच टोकाकडे मारत होती. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे. आमच्या एका पोराने तीस पावलांवरून चेंडू उचलून मारला. कोल्बर्नचा लांबडा बचावपटू हात वर करून उडाला. चेंडू त्याच्या बोटांवरून खांबांच्या मधून आला, आणि तो खाली पडता पडताच ओरडला, "लागला! लागला!"

रोवीना रेषेवर होती. तिने क्षणभरही न थांबता दोन बोटं दाखवली आणि दोन झेंडे फडकवले. सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. बेवने चहा उधळला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

लायल मात्र पुतळ्यासारखा उभा.

"काय रे? जिंकलो ना!"

"बोट वाकलं," तो पुटपुटला. "चेंडू गेला तेव्हा त्या पोराचं बोट वाकलेलं होतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हात लागला होता, ग्लेनिस." मग त्याचा चेहरा पांढरा पडला. "तिने माझ्यासाठी केलं हे. मी पट्टी लावली. मी सूप दिलं."

मी धरायच्या आत तो पंचांच्या खोलीकडे निघाला होता. रोवीना दारातच पाय मोकळा करून बसली होती. त्याने मनातलं सगळं ओकलं. ती शांतपणे ऐकत होती, पण तिचे कान लाल होत गेले.

"लायल," ती म्हणाली, "तुझ्या सुपात मीठसुद्धा नव्हतं. त्याच्यावर मी एक गुणही दिला नसता. आणि पुन्हा असं विचारलंस तर हा झेंडा तुझ्या डोक्यात घालीन."

"पण बोट..."

"ज्याचं बोट त्याला जाऊन विचार."

दुसरा कुणी असता तर गप्प घरी गेला असता. लायल गेला थेट कोल्बर्नच्या खोलीत. हरलेल्या, चिखलाने माखलेल्या बावीस जणांमध्ये आमचा पिवळा मफलर घालून. मी दारातून बघत होते. तो लांबडा मुलगा, कोबी नाव त्याचं, बाकावर मोजे काढत होता.

"बाळा, खरं सांग. चेंडूला हात लागला ना तुझा?"

कोबीने आधी कोच कुठे आहे ते पाहिलं. "छे, काका. वीतभर वरून गेला."

"पण तू ओरडलास!"

"ओरडणारच! आम्ही सगळेच ओरडतो. नाही ओरडलं तर कोच पळायला लावतो."

"मग बोट कसं वाकलं?"

कोबीने उजवा हात पुढे केला. मधलं बोट वरच्या पेरात आकड्यासारखं बाजूला वळलेलं होतं. "हे? नऊ वर्षांचा असताना गुरांच्या फाटकात सापडलं. तेव्हापासून असंच आहे."

लायलने ते बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तो कोबीच्या शेजारी बाकावर बसला. कुणीतरी त्याच्या हातात बिअरचा कॅन दिला आणि त्याने तो घेतला.

परत येताना त्याने रोवीनापाशी थांबून टोपी काढली. "वीतभर," एवढंच म्हणाला.

"दीड वीत," रोवीना म्हणाली. "आणि गेल्या वर्षी नखाला लागला होता. मला आवाज आला."

त्याने मान हलवली आणि टोपी परत घातली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण लायलने पंचाचं म्हणणं मान्य केल्याचं मी प्रथमच पाहिलं.

घरी जाताना गाडी मी चालवली. किनारा मागे पडला, कुरणं सुरू झाली, गाई धारेला निघाल्या होत्या. तेव्हा तो म्हणाला, "तुला कधी कळलं, ती पंच आहे ते?"

"शनिवारी. भांडी घासताना."

"शनिवारी! आणि रविवारभर मला बोलू दिलंस?"

"हो."

"एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"अरे, एवढी मजा मला चालताना कधीच आली नव्हती," मी म्हणाले.

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, त्याला वाईट वाटलंय. पण तो हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत म्हणत होता, "तिरळा! मी म्हणालो, तिरळा!"