कार्डावरची तारीख

प्रायित्नो मोजणीदाराच्या हाताखाली काम करायचा. पट्टी धर, खुंटी ठोक, झेंडी घेऊन उन्हात उभा राहा. वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःच्या नावावर वीतभर जमीन झाली नाही. त्यामुळे मुलीला कुठल्या हायस्कुलात घालायचं हा प्रश्न घरात आला, तेव्हा त्यानं तोही मोजायलाच घेतला.

प्रश्न सोपा नव्हता. सरकारी हायस्कुलात जागा मिळायची ती गुणांवर कमी आणि अंतरावर जास्त. शाळेच्या फाटकापासून घर जितकं जवळ, तितका नंबर वर. आणि घर म्हणजे कुटुंबकार्डावर लिहिलेला पत्ता, तोही किमान वर्षभर जुना हवा. गेंदिस तेव्हा आठवीत होती आणि त्यांचं घर शहराच्या अशा टोकाला होतं, की तिथून कुठल्याच शाळेत नंबर लागला नसता. तेव्हा त्या शहरातले सगळे आईबाप करायचे तेच यांनी केलं. आधी शाळा शोधायची, मग तिच्या पायाशी घर.

निंग्रुमचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, आधीच ठरलेलं होतं. चौकातली मोठी शाळा. निकाल पहिला. तिथली किती मुलं डॉक्टर झाली ते तिला पाठ होतं. प्रायित्नोचं म्हणणं वेगळं. निकाल काय, सगळ्यांचेच रंगवून भिंतीवर लावलेले असतात. मुलं फाटकातून बाहेर कशी पडतात ते बघायला हवं. म्हणून तीन आठवडे, शाळा सुटायच्या वेळेला, तो एकेका फाटकासमोरच्या गाडीवर रस्सा पीत उभा राहिला. आणि मोजणीच्या वहीत लिहीत गेला.

"काय दिवे लावलेत तीन आठवडे?" निंग्रुमनं विचारलं.

"चौकातल्या शाळेची पोरं खाली मान घालून बाहेर पडतात. तिथून थेट शिकवणीला. नदीकडच्या शाळेत पोरींच्या संडासाला कडी नाही."

"तुम्ही आत गेलात?"

"रश्श्यावाल्याला विचारलं."

"पोरींच्या संडासाबद्दल रश्श्यावाल्याला! धन्य आहे तुमची."

"आणि चिंचेच्या शाळेची पोरं हसत बाहेर पडतात," प्रायित्नो म्हणाला. "एक पोरगी तर हसता हसता सायकलवरून पडली. पडली तरी हसतच होती."

"म्हणजे पोरी पडताना बघून शाळा ठरवायची."

"निकाल तिसरा आहे, इबू. तिसरा काही वाईट नाही." मूल झाल्यापासून तो बायकोला 'इबू', आई, म्हणायचा आणि ती त्याला 'बापाक'. एकमेकांची नावं त्या घरात कोणी घेत नसे.

"मला कोणी विचारणार आहे का?" गेंदिस कोपऱ्यातून म्हणाली. "मला चिंच आवडते."

फाटकाशी चिंचेची दोन झाडं होती, म्हणून ती चिंचेची शाळा. निंग्रुमनं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली आणि घरी येऊन म्हणाली, "हसतात खरी मेली."

मग घर. सापडलं ते दोन खोल्यांचं, एका चिंचोळ्या आळीत, कोंबड्यांना जागा नाही, स्वयंपाकघरात एक माणूस वळला की दुसऱ्यानं बाहेर जायचं. पण प्रायित्नोनं नकाशावर पट्टी ठेवली आणि सरळ रेषेत फाटकापर्यंतचं अंतर काढलं. सहाशे चाळीस मीटर. आदल्या वर्षी शेवटचा नंबर लागला होता तो आठशे दहावर. बिऱ्हाड हललं. जूनच्या बाराव्या तारखेला नवं कुटुंबकार्ड हातात आलं. कुटुंबप्रमुख प्रायित्नो, पत्नी निंग्रुम, मुलगी गेंदिस. प्रायित्नोनं ते प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि खालच्या तारखेवर बोट ठेवून दोघींना बजावलं, "आता वर्षभर या तारखेला कोणी हात लावायचा नाही. काय वाट्टेल ते होवो."

सात आठवड्यांनी, ऑगस्ट लागताच, तो गावी गेला, भावाच्या घराची कौलं बदलायला. शिडीवरून उतरला, छातीत दुखतंय म्हणाला, ओसरीवर आडवा झाला तो उठलाच नाही. निंग्रुम आणि गेंदिस बसनं पोचेपर्यंत त्याला आंघोळ घालून झाली होती. दुपारच्या नमाजाआधी माती दिली.

गावच्या मुखियानं मृत्यूचं पत्र लिहून दिलं. ते शहरात कचेरीत न्यायचं, कार्डावरून नाव कमी करायचं, नवं कार्ड घ्यायचं. पत्र घेऊन निंग्रुम परत आली, आणि त्याच आठवड्यात गेंदिसच्या वर्गातल्या एका मुलीची आई तिला म्हणाली, "कार्डात या वर्षी टिंबसुद्धा बदलू नका हं! माझ्या भाच्याचं बदललं, नवी तारीख पडली, पोरगा यादीतून बाहेर." त्या बाईला या घरातलं काही ठाऊक नव्हतं, ती सगळ्यांनाच सांगत सुटली होती. भाच्याच्या कार्डात नेमकं काय बदललं होतं ते निंग्रुमनं विचारलं नाही. कचेरीत जाऊनही विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे सांगणं आलं. ऐकीव गोष्टीवर माणूस जितक्या लवकर विश्वास ठेवतो तितका देवावर ठेवत नाही. तिनं पत्र बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि डबा कपाटावर ठेवला.

"वर्षभराचाच प्रश्न आहे, पोरी," ती गेंदिसला म्हणाली. "आळीत कोणी विचारलं तर सांगायचं, बापाक समुद्रापलीकडं, कालिमंतान बेटावर गेलेत. मोजणीचं मोठं काम निघालंय."

"आणि शाळेत?"

"शाळेतही तेच."

"मैत्रिणींना?"

"तेच म्हणते ना मी!"

गेंदिस म्हणाली, "बापाकना हे आवडलं असतं?"

"त्यांनीच सांगितलंय. तारखेला हात लावायचा नाही. काय वाट्टेल ते होवो."

आळीत येऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. प्रायित्नोचा चेहरासुद्धा कोणाच्या नीट लक्षात नव्हता. त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं, आणि तेच वाईट झालं.

मेलेल्या माणसासाठी त्या मुलखात चाळिसाव्या दिवशी शेजारीपाजारी बोलवायचे असतात. चटईवर बसून तीसचाळीस माणसं दुवा मागतात, जाताना तांदळाचे गोड घावन, म्हणजे अपेम, घेऊन जातात. चाळिसावा दिरानं गावी घातला. गेंदिसची परीक्षा होती म्हणून दोघींना जाता आलं नाही. पण निंग्रुमचे हात स्वस्थ बसेनात. तिनं पीठ आंबवलं, नारळाचं दूध काढलं आणि दार लोटून अपेम करायला घेतले. वास लपतो थोडाच! शेजारची मुर्तिनी दारातूनच ओरडली, "अपेम? कोण गेलं गं तुमच्याकडं?"

"कोणी नाही. खावेसे वाटले."

"डोहाळे लागले की काय या वयात? नवरा कालिमंतानला आणि!" मुर्तिनी खो खो हसली. निंग्रुमही हसली. तिनं एक थाळी भरून दिली. थोड्या वेळानं मुर्तिनी रिकामी थाळी घेऊन परत आली. "फार हलके झालेत गं. अजून आहेत?" निंग्रुमनं उरलेले सगळे दिले.

दिवस जात राहिले. आळीचे प्रमुख वार्सितो, सगळे त्यांना पाकदे म्हणत, म्हणजे थोरले काका. ते दर महिन्याला रात्रीच्या राखणीच्या पाळ्या लावायला यायचे आणि विचारायचे, "प्रायित्नो कधी येतोय? त्याच्या पाळ्या साठल्यात म्हणावं." निंग्रुम म्हणायची, "आले की एकदम देतील, पाकदे." प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही गेंदिस करू लागली. हुबेहूब. पुस्तक टपालानं जाऊन आलं, असं शाळेत सांगायची. ईदला परगावी कामाला गेलेले बाप झाडून घरी आले, याच घरी कोणी आलं नाही. "तिकीट मिळालं नाही," निंग्रुमनं सांगितलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. चार दिवसांनी नळावर कानावर आलं, "तिकीट कसलं! तिकडं दुसरी केली असणार त्यानं. हिला पैसाही धाडत नाही."

त्या दिवशी मात्र निंग्रुमला राहवेना. बादली तिथंच ठेवून ती घरात आली आणि उशीत तोंड खुपसून बसली. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्या बाईकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याला मातीत पुरून वर त्याच्यावर चिखल उडवायची पाळी तिनंच आणली होती. पण मे संपत आला होता. आता एवढ्यासाठी कशाला तोंड उघडायचं?

जूनच्या अखेरीला कागद तपासायला चिंचेच्या शाळेत बोलावणं आलं. टेबलापलीकडं एक तरुण शिक्षिका होती. तिनं संगणकात पत्ता घातला आणि म्हणाली, "सहाशे अडतीस मीटर. छान. तारीख वर्षाच्या वर आहे. सगळं ठीक."

"आमच्या बापाकनी सहाशे चाळीस काढलं होतं," गेंदिस पटकन बोलून गेली.

"अरे वा! दोनच मीटरचा फरक. काय करतात बापाक?"

"मोजणी," निंग्रुम म्हणाली. "कालिमंतानला असतात."

"बरं. या हमीपत्रावर कुटुंबप्रमुखाची सही लागते. आहे की सही! पण माझ्यासमोर व्हायला हवी होती, इबू. गेल्या वर्षी लोकांनी फार गोंधळ घातला." ती हसून म्हणाली, "असू दे. इतक्या लांबून कशाला त्यांना बोलवायचं? व्हिडिओ कॉल लावा. त्यांनी 'सही माझी' म्हटलं की झालं. दोन मिनिटांचं काम."

निंग्रुमनं पर्समधून फोन काढला. नंबर अजून होता. पुसायला तिचा हात कधी धजलाच नव्हता. ती नावावर अंगठा धरून बसली. मागं रांगेतलं कोणीतरी खाकरलं.

"रेंज नसेल तिकडं," ती म्हणाली.

"एकदा लावून तर बघा."

"बापाक वारले," गेंदिस म्हणाली.

"गप्प बस!" निंग्रुमनं तिचा दंड इतक्या जोरात धरला की पोरगी कळवळली.

"नाही बसणार. वारले ते. ऑगस्टमध्येच वारले. सही मी केलीय. मला नको ही शाळा!" आणि ती तिथंच, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी हुंदके द्यायला लागली.

शिक्षिका खुर्चीतून उठली. "इन्ना लिल्लाही," ती हळूच म्हणाली. मग निंग्रुमजवळ येऊन खाली बसली. "इबू, पण हे लपवलंत कशाला?"

"तारीख," निंग्रुम म्हणाली. "नाव काढलं तर तारीख नवी पडते. पोरीची जागा जाते."

"पत्ता बदलला तर जाते. माणूस गेला म्हणून घराचा पत्ता कुठं बदलतो? नवं कार्ड, जुनं कार्ड आणि मृत्यूचा दाखला, तिन्ही दाखवले की जुनीच तारीख धरतात. नियमातच आहे तसं. आजच अशी चार मुलं येऊन गेली."

"म्हणजे मी तेव्हाच सांगितलं असतं तर?"

शिक्षिकेनं तिचा हात हातात घेतला. "तर काहीच झालं नसतं, इबू. परवापर्यंत दाखला आणि नवं कार्ड आणून द्या, हमीपत्रावर तुम्ही सही करा. गेंदिसचा नंबर लागेल."

अकरा महिने. काहीच झालं नसतं. निंग्रुम फाटकातून बाहेर आली तेव्हा चिंचेखाली मुलं हसत उभी होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. घरीही ती गेली नाही, बिस्किटांचा डबाही काढला नाही. गेंदिसला घेऊन सरळ पाकदे वार्सितोंच्या ओसरीसमोर जाऊन उभी राहिली.

"पाकदे, गेंदिसचे बापाक गेले."

म्हातारा ताडकन उठला. "इन्ना लिल्लाही! कधी? कालिमंतानहून कसे आणताय? थांब, आधी मशिदीत सांगतो, पोरांना खुर्च्या काढायला लावतो—"

"ऑगस्टात गेले, पाकदे."

पाकदेंचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. ते तसेच तिच्याकडं बघत राहिले. मग गेंदिसकडं. कुठं, कसं, ते सगळं पोरीनंच सांगितलं, आई नुसती खांबाला धरून उभी. आता बोलणी खावी लागणार हे दोघींना ठाऊक होतं. पाकदेंनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"दुवा मागताना नाव लागेल," ते म्हणाले. "बापाच्या नावासकट."

गेंदिस झाल्यापासून निंग्रुमनं ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. "प्रायित्नो," ती म्हणाली. "प्रायित्नो बिन कार्तोरेजो."

संध्याकाळच्या नमाजानंतर माणसं आली. दोन खोल्यांत मावेनात म्हणून आळीभर चटया पडल्या. मागं स्वयंपाकघरात एरवी एक माणूस वळायला जागा नव्हती, तिथं पाच बायका शिरल्या होत्या. नळावर 'दुसरी केली' म्हणणारी खाली मान घालून नारळ खवत होती. बाहेरून चाळीस गळ्यांतून ते नाव ऐकू आलं, एकदा, मग पुन्हा.

मुर्तिनी तव्यावर अपेमचं पीठ सोडत होती. तिचा हात मध्येच थांबला. पळी तशीच हवेत.

"अगं, त्या दिवशीचे अपेम," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, कोण गेलं म्हणून."

निंग्रुमनं मान हलवली.

"तो चाळिसावा होता?"

"हो."

"आणि आम्ही नुसते खाल्ले गं." मुर्तिनीच्या डोळ्यांतून पाणी तव्यावर पडलं आणि चर्र झालं. "दुवा न मागता. चांगले झालेत म्हणून मी आणखी मागायला आले. हसले मी तुला."

निंग्रुमला तिला सांगायचं होतं, तुझं काही चुकलं नाही. पण तोंडातून आला तो हंबरडा. अकरा महिने उशीत दाबून ठेवलेला. बाहेरचं पठण क्षणभर अडखळलं, मग पुन्हा सुरू झालं. मुर्तिनीनं गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले आणि दोघी खाली जमिनीवर बसल्या.