पाय कुणीकडे करावेत?

मित्रांनो, उठून बसण्याचे त्राण माझ्यात नाही, तेव्हा पडल्यापडल्याच सांगते. मी लव्हाळ्याची एक जुनी चटई आहे. थायलंडमधल्या सीसाकेत शहराच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला, खांबांवर उभ्या असलेल्या एका लाकडी घरात मी एकवीस वर्षे काढली. माझ्या कडा उसवल्या आहेत, तांबडे पट्टे विटून गेले आहेत आणि एक कोपरा कुत्र्याने चावला आहे. दुखण्याचे आता काही वाटत नाही. फक्त थकवा वाटतो.

मला दोघींनी विणले. याय बुआफान आणि तिची नणंद तोंगपान. याय म्हणजे आजी. तेव्हा ती आजी झालेली नव्हती, पण आता सारे गाव तिला यायच म्हणते. तोंगपान लांब काठीने लव्हाळ्याची एकेक काडी आडवी सरकवायची आणि याय जड लाकडी फणी दोन्ही हातांनी ओढून ती काडी ठोकून बसवायची. जोर सारा उजव्या हाताचा. ठक, ठक, ठक. अकरा दिवस ती ठोकत होती. माझी वीण इतकी घट्ट बसली की वर पाणी सांडले तरी खाली लवकर उतरत नसे. देवळातले भिक्खू जेवायला आले की माझ्यावरच बसत. त्यातले एक म्हातारे भिक्खू हाताने मला चाचपून म्हणाले होते, "हात आहे बाईचा!" त्या शब्दावर याय वर्षभर चालली.

माझ्यावर वागण्याचे नियम होते. पाय एका बाजूला मागे दुमडून बसायचे. तळवा कोणाकडे करायचा नाही. मांडलेले अन्न ओलांडायचे नाही. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकून जायचे. हे नियम कोणी सांगत नसे, ते अंगातच असत. एकदा दोन परदेशी विद्यार्थी आले होते. हाताने खायच्या चिकट भातासाठी त्यांनी चिनी काड्या मागितल्या, आणि एकाने माझ्यावर बुटासकट पाय ठेवला. सगळे हसले. ते दोघेही हसले. त्यांना वाटले, आपण आवडलो.

पुढे प्लास्टिकच्या चटया आल्या. रंगीत, हलक्या, पुसल्या की झाले. मला घराखाली, खांबांच्या सावलीत टाकले. तिथे कोंबड्या फिरत आणि कुत्रा झोपे. त्या चार वर्षांचे सांगण्यासारखे काही नाही.

मग सेलोम आला. तो घाना देशातला, सहा फुटांहून उंच, चोवीस वर्षांचा. शहरातल्या एका छोट्या फुटबॉल संघाने त्याला आणले होते आणि संघाची माणसे त्याच्यासाठी खोली शोधत होती. यायची मुलगी लाम्दुआन बाजारात कपडे शिवायची. घरात पुरुष माणूस नव्हता, एक खोली रिकामी होती, तिने हो म्हटले.

"पायांवर जगणारा माणूस घरात?" याय म्हणाली.

"आई, सगळेच पायांवर जगतात."

"आपण पायांवर चालतो गं. जगतो हातांवर."

गादी त्याला आखूड पडली. गुडघ्याखालचा सगळा भाग फळीवर. म्हणून लाम्दुआनने मला वर नेले, झटकले, उन्हात घातले आणि त्याच्या गादीखाली अंथरले. अशी मी पुन्हा माणसांत आले.

एक गोष्ट सेलोमला पहिल्या दिवसापासून जमली. चिकट भाताचा घास त्याने उजव्या हाताच्या बोटांनी तोडला, दाबून गोळा केला आणि मिरचीच्या ठेच्यात बुडवून खाल्ला. त्याच्या घरी मक्याच्या पिठाचा गोळा असाच खातात. तोंगपान बघतच राहिली. "ह्याला कोणी शिकवलं? माझ्या जावयाला अजून येत नाही!" कुजवलेल्या माशांच्या वासानेही त्याचे नाक मुरडले नाही. यायने दुसरा मासा त्याच्यापुढे सरकवला. डाव्या हाताने.

तिथेच बिघडले. पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. सेलोमने मासा घेतला, मान खाली घातली आणि तो हसला.

दुसऱ्या सकाळी याय खोलीत पाणी ठेवायला आली. सेलोम गाढ झोपला होता आणि त्याच्या उशीवर, डोक्याला लागून, फुटबॉलचे बूट होते. बूट! ज्या घरात चपला जिन्याच्या खालच्या पायरीवर राहतात, त्या घरात उशीवर! याय पाण्याचा तांब्या तसाच घेऊन परत गेली. संध्याकाळी भेटल्यावर मात्र ती त्याच्याकडे पाहून हसली.

मित्रांनो, त्या हसण्याने मला फार दमवले. आठ महिने ती दोघे एकमेकांकडे पाहून हसत होती. याय भात द्यायची तो डाव्या हाताने, पाणी द्यायची ते डाव्या हाताने. सेलोम घ्यायचा तो उजव्या हाताने, मान लववून, आणि खोलीत येऊन माझ्यावर पाठ टेकून छताकडे बघत पडायचा. हळूहळू तो बाहेरून जेवून येऊ लागला. याय लेकीला म्हणायची, "आपलं जेवण त्याला आवडत नाही." सेलोम फोनवर घरी काहीतरी बोलायचा. भाषा मला कळत नसे, पण त्यात 'याय' हा शब्द यायचा आणि त्यानंतर तो फोन ठेवून द्यायचा. रोज सकाळी बूट उशीवर दिसायचे. आणि रोज सगळे हसायचे.

फेब्रुवारीत एका सामन्यात त्याचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत कडक पट्टा बांधून आणि कुबड्या घेऊन तो जिना चढला, एकेक पायरी बसत. दोन आठवड्यांनी संघाचा माणूस येऊन सांगून गेला की पुढच्या हंगामाला त्याची गरज नाही. प्रवास करण्यापुरता पाय बरा होईपर्यंत, म्हणजे सोंगक्रानच्या सणापर्यंत, लाम्दुआनने त्याला ठेवून घेतले. त्या दिवसांत तो दिवसभर माझ्यावर पडून असे. त्याचा घाम माझ्यात मुरला आहे. अजूनही मला ऊन दाखवले की तो वास येतो.

सोंगक्रान म्हणजे तिथला नववर्षाचा सण. त्या दिवशी धाकट्यांनी वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालायचे आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. प्लास्टिकची चटई त्या दिवशी यायला चालत नसे. मला बाहेर पडवीत अंथरले. याय आणि तोंगपान माझ्यावर पाय मागे घेऊन बसल्या. लाम्दुआनने मोगऱ्याच्या कळ्या टाकलेले पाणी घातले, दोघींनी आशीर्वाद दिला, आणि तेवढ्यात दारात कुबड्या वाजल्या.

"मी पण," सेलोम म्हणाला. "परवा जातोय. म्हाताऱ्या माणसांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणी निघत नाही."

लाम्दुआनने त्याच्या हातात वाटी दिली. खांबाला धरून तो कसाबसा खाली बसला. डावा पाय त्याने बरोबर मागे दुमडला. उजवा दुमडेना. तो सरळ पुढे राहिला आणि तळवा थेट यायच्या मांडीकडे.

"अगं बाई! पाय बघा, पाय!" तोंगपान ओरडली. "सणाच्या दिवशी! आणि केवढा, होडीएवढा!"

"सेलोम, पाय मागे घे," लाम्दुआन हळूच म्हणाली.

"होत नाही ताई." त्याने दोन्ही हातांनी मांडी धरून पाय वळवायचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि वाटीतले अर्धे पाणी माझ्यावर सांडले. "नको. मी जातो आत. माफ करा." तो कुबडी शोधू लागला.

तेव्हा याय उठली. तिला उठायला वेळ लागला. खांबाचा आधार घेत ती त्याच्या मागून, वाकत, पलीकडे गेली आणि त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली. तिथे पाय तिच्याकडे नव्हता.

"पाय वळत नाही ना? मग मी वळते. बस खाली."

"वहिनी, पण तो पाय आता माझ्याकडे आला की!"

"तू पण ऊठ. तुझे गुडघे धडधाकट आहेत अजून."

तोंगपान पुटपुटत उठली आणि यायशेजारी येऊन बसली. यायने पाण्यासाठी हात पुढे केला. एकच, डावा. सेलोमने वाटी उचलली आणि तो तसाच थांबला.

"डावाच?" त्याने विचारले.

आठ महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारले होते.

"याय, मला नेहमी डावा. भात डावा, पाणी डावं. आमच्याकडे डाव्या हाताने कुत्र्याला देतात. माणसाला नाही. मी काय केलं होतं?"

लाम्दुआनला आधी हसू आले. मग तिने आईच्या खांद्यावरून नेहमी मांडीपर्यंत आलेले उपरणे बाजूला केले. यायचा उजवा हात मांडीवर होता, बोटे आत वळलेली. "नऊ वर्षं झाली रे. आधी खांदा गेला, मग पकड गेली. ती दाखवत नाही कोणाला. विणणारीचा हात होता ना तो."

"ह्या चटईनेच खाल्ला तो हात," तोंगपान म्हणाली. "ह्या चटईने आणि हिच्या बहिणींनी."

खरे होते ते. माझी घट्ट वीण सगळ्यांनी वाखाणली, पण ती कुठून आली ते मीही कधी मनात आणले नव्हते.

सेलोमने डोळे पुसले. "आमच्या गावात उजवा हात अडला तर माणूस डावा पुढे करतो आणि म्हणतो, 'डावा आहे हं.' मग समोरचा म्हणतो, 'हातच आहे ना!' झालं. एवढंच म्हणतात."

"मग तेव्हाच विचारायचंस!"

"तुम्ही हसत होतात, याय."

"अरे, आम्ही रागावलो तरी हसतो. आणि ते बूट? उशीवर बूट ठेवून कोण झोपतं?"

"आधीच्या गावात दारातून चोरीला गेले होते. तीन सामने बाहेर बसलो. म्हणून डोक्याशी."

"ह्या घरात कोण चोरणार? तोंगपान?"

"मला काय करायचेत?" तोंगपान म्हणाली. "त्यात माझ्या कोंबड्या अंडी घालतील!"

पडवीत हशा पिकला. तो हशा खरा होता, हे मला पाठीखालच्या फळ्यांतून कळले. त्या थरथरत होत्या.

यायने पुन्हा हात पुढे केला. "डावा आहे हं," ती म्हणाली.

"हातच आहे ना, याय." त्याने उरलेले पाणी घातले. "कळत नकळत काही चुकलं असेल तर पोटात घाला."

"तूही घाल," याय म्हणाली. मग तिने त्याच्या मनगटावर आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधला. गाठ एका हाताने बसेना, म्हणून एक टोक तोंगपानने धरले.

तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या गावी एका शाळेत मुलांना खेळ शिकवायचे काम मिळेल असे कोणीतरी त्याला म्हणाले होते. नक्की काही नव्हते. मित्रांनो, मला वाटले होते की एकदा मन मोकळे झाले की सगळे नीट होते. तसे काही झाले नाही. आठ महिने फुकट गेले होते आणि हातात आले दोन दिवस. याय कित्येकदा त्याच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "त्याला बांबूच्या कोंबांची आमटी द्यायची राहिली."

मला पुन्हा घराखाली टाकले नाही, एवढे बरे झाले. पण सणानंतर तोंगपानने घाईत माझी घडी घातली आणि मधल्या काड्या मोडल्या. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिची घडी घालू नका. गुंडाळा, आणि सावलीत उभी करून ठेवा. एवढ्यावर ती दहा वर्षे जास्त जगते.

पावसाळ्यात एका दुपारी सेलोमचा फोन आला. जेवणे चालली होती. लाम्दुआनने फोन माझ्यावर मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू यावे म्हणून. यायने पहिल्यांदा तेच विचारले, जे तिथे सगळेच पहिल्यांदा विचारतात.

"जेवलास का?"

याचे तिथे एकच उत्तर असते. पोट रिकामे असले तरी 'जेवलो' म्हणायचे, विचारणाऱ्याला घोर लावायचा नाही. सेलोमला हे कधीच जमले नव्हते. तो सरळ सांगायचा, "नाही, भूक लागलीय," आणि तोंगपान कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या दिवशी तो पटकन म्हणाला, "जेवलो, याय. पोटभर."

शाळेचे काय झाले, पाय कसा आहे, यावर त्याने सगळे "छान, छान" म्हटले आणि फोन बंद झाला.

"शिकला गं बाई शेवटी!" तोंगपान खूश होऊन म्हणाली. "आता शोभतो आपल्यातला."

याय भाताच्या टोपलीवर झाकण बसवत होती. एका हाताने ते नीट बसत नव्हते.

"शिकला खरा," ती म्हणाली. "आता तो जेवला की नाही, ते आपल्याला कधीच कळायचं नाही."

मित्रांनो, मी थकले आहे, आता थांबते. एवढेच करा, कोणी 'जेवलो' म्हणाले तरी एकदा ताट पुढे करून पाहा.