जन्माआधी लीद टाकणारा क्वागा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांत बसले, खिडक्या संपल्या तेव्हा एकमेकांच्या उरावर. का नाही बसणार? शंभरावर वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसा झालेला क्वागा, म्हणजे पुढून झेब्रा आणि मागून घोडा दिसणारा प्राणी, आज त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा जन्माला येणार होता!

व्यासपीठावर प्रोफेसर जनुकानंद उभे होते. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ. विज्ञानाचीही सोय आणि अध्यात्माचीही.

"जनुक म्हणजे काय?" ते गरजले. "जनुक म्हणजे आत्म्याची पाककृती! पाककृती आहे, भांडं आहे, आपण फक्त आच द्यायची. केस द्या, प्राणी घ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते पहिल्या रांगेतले मामंजी, आणि त्यांच्या शेजारी ओठ आवळून बसली होती त्यांची सून, गावातली जनावरांची डॉक्टर.

मामंजींच्या मांडीवर एक दानपत्र होतं आणि रुमालात बांधलेले घोडीच्या शेपटीचे केस. ही घोडी म्हणजे मामंजींचा जीव की प्राण. गेल्या हिवाळ्यात तिला पोटशूळ झाला. सुनेने जिवाचं रान केलं, पण घोडी गेली. जनुकानंदांनी वचन दिलं होतं: आधी क्वागा, मग तुमची घोडी. बदल्यात मामंजींनी आपलं नदीकाठचं कुरण 'पुनर्जन्म केंद्रा'ला द्यायचं. त्या कुरणात तुरेवाल्या पक्ष्यांच्या शेवटच्या काही जोड्या घरटी करून होत्या. सून त्यांची गळलेली पिसं वेचून प्रयोगशाळेत पाठवायची. कुठली जोडी एकमेकांच्या फार जवळच्या नात्यातली आहे आणि दुसरीकडून नवं रक्त कुठे आणायला हवं, हे जनुकांवरून कळायचं.

"मामंजी, सही नका करू. बुलडोझर फिरला तर पक्षी संपतील."

"संपू देत! तुझ्याकडे पोतंभर पिसं आहेत ना? प्रोफेसर पुन्हा काढतील."

"अहो, पक्षी म्हणजे काय छापील पत्रिका आहेत, संपल्या की पुन्हा काढायला?"

"गप्प बस. तुला माझी घोडी वाचवता आली नाही. ज्याला आणता येते, त्याला तरी आणू दे."

हे मात्र तिला झोंबलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. एरवी घरात तोंडाला तोंड देणारी ती, पदराने डोळे पुसून व्यासपीठाकडे बघू लागली.

इकडे जनुकानंदांनी माणसाहून उंच कपाट उघडलं. आत काहीच नव्हतं, सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी दार लावलं, वरच्या भोकातून 'क्वागाचे' म्हणून चिमूटभर केस टाकले आणि हात उंचावले. "गुणसूत्र जुळो, शेपूट वळो! ओम् पेशी, ओम् पेशी!" भस्सकन धूर निघाला, दार उघडलं आणि आतून पट्टेरी मानेचा, तपकिरी पाठीचा क्वागा बाहेर आला.

नगराध्यक्षांनी धावत जाऊन आधी त्याचे पाय धरले. मग मामंजी गेले आणि त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. "आता माझी घोडीही येईल रे बाबा, माझी घोडीही येईल!"

मामंजी वळले तेव्हा त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर चार पट्टे उमटले होते. सुनेने नाक पुढे केलं. बुटाच्या पॉलिशचा वास! ती पदर खोचून तडक व्यासपीठावर चढली.

"नवजात बाळाची तपासणी नको करायला?" असं म्हणत तिने क्वागाचं तोंड उघडलं. "प्रोफेसर, याला जन्मून किती वेळ झाला?"

"क्षणभर!"

"मग दात इतके झिजले कधी?"

"प्राणी प्राचीन, म्हणून दातही प्राचीन!"

"आणि नाळ?"

"नाळ... आमच्यात नसते. नवं तंत्र आहे."

ती कपाटात शिरली आणि पाहते तर काय! मागच्या कोपऱ्यात कुरतडलेली गाजरं आणि ताज्या लिदीचा ढीग.

"ही कोणाची हो? बाळाने जन्माआधीच टाकली?"

जनुकानंदांना घाम फुटला, पण गडी हार मानेना. "ती... ती मागच्या जन्मातली आहे!"

सभागृहात एवढा हशा उसळला की क्वागाही बिथरला. त्याने मान वर केली आणि 'हीं-हाँ, हीं-हाँ' असा काही सूर लावला की त्याच्या कुळाबद्दल कोणाला शंका उरली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आपले नगराध्यक्ष तर अडलेलेही नव्हते!

सुनेने कपाटातले दोन उभे आरसे ओढून दाखवले. "हे मधोमध असे कोनात लावले की कडेच्या भिंती त्यांत दिसतात. आपल्याला वाटतं, मागची भिंत दिसली, कपाट रिकामं आहे. गाढव असतं आरशांच्या मागे. धुराच्या आडून आरसे सरकवले की झाला जन्म! जनुकांचं शास्त्र खरं आहे हो. हरवलेले प्राणी परत आणायला खरे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपतायत, आणि जमेल की नाही हे तेही छातीठोकपणे सांगत नाहीत. प्राणी कपाटातून निघत नाही, त्याला आई लागते, राहायला कुरण लागतं. तुम्ही टाळ्या जरूर वाजवा, पण आधी कपाटाच्या मागे तेवढं डोकावून या."

तोवर प्रोफेसर कोट आणि माळ तिथेच टाकून मागच्या दाराने पसार झाले होते. गाढव तेवढं राहिलं.

गर्दी पांगली. मामंजी खुर्चीत रुमाल मुठीत धरून बसले होते. "म्हणजे ती कधीच येणार नाही?"

"नाही मामंजी. उद्या कोणी तसलीच घोडी घडवली, तरी ती तुमच्या हाकेला मान वळवणार नाही." ती त्यांच्या शेजारी बसली. "मलाही ती हवी होती हो."

"ठाऊक आहे मला. मघाशी नको ते बोललो. माझ्या जिभेला काही हाड?" त्यांनी दानपत्र टराटरा फाडलं.

सकाळी ते अंगणात गाढवाला साबणाने घासत होते. पट्टे निघाले होते, गाढव खूश होतं. सून दवाखान्यात निघाली तशी त्यांनी तिला थांबवलं आणि ओल्या हाताने खिशातून एक पीस काढून दिलं.

"कुरणात गेलो होतो. जोडी अंड्यांवर बसली आहे. हे पाठव तुझ्या प्रयोगशाळेत. आणि यांना मरू देऊ नकोस, बाई. मेल्यावर कोणाच्याच बापाला आणता येत नाहीत."